शेरेबुकापासून विकास आराखड्यापर्यंत : मांडवी-रत्नागिरीच्या प्राथमिक शाळांची वार्षिक प्रगती

प्राथमिक शाळेने वर्षभरात काय साधले, हे कोणी ठरवायचे, कशावरून ठरवायचे आणि ठरवून पुढे काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे रत्नागिरीत गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. पंतोजीच्या शाळेत ते पालकाच्या कानाने ठरे. इंग्रजी अमलात शाळा तपासणाऱ्या दिपोटीच्या शेऱ्याने आणि पुढे हजेरीपटाच्या बेरजेने ठरू लागले. आज ते चाचण्यांच्या तक्त्यांवरून आणि शाळा व्यवस्थापन समितीने मंजूर केलेल्या आराखड्यावरून ठरते. मोजण्याची साधने बदलली तशी मोजली जाणारी वस्तूही बदलत गेली. कधी मूल मोजले गेले, कधी मास्तर, तर कधी नुसता पट.

मोजदादीच्या या इतिहासासाठी मांडवी हे ठिकाण नावापासूनच जुळते. ‘मांडवी’ म्हणजे बंदरावरचे जकातीचे ठाणे. गलबतातून उतरलेला माल तिथे मोजून टिपला जाई. मुंबईत, गुजरातेत आणि रत्नागिरीत हे नाव त्याच कारणाने पडलेले दिसते. रत्नागिरीची मांडवी रत्नदुर्गाच्या दक्षिणेला, भाट्याच्या खाडीच्या अलीकडे, काळसर वाळूच्या किनाऱ्यावर वसली आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. त्याआधी, मोटारीचे रस्ते सुधारेपर्यंत, मुंबईशी संबंध मुख्यतः समुद्रातूनच असे आणि पावसाळ्यात आगबोटी बंद होत. त्यामुळे इथल्या शाळेचे वर्ष सरकारी परिपत्रकापेक्षा समुद्राच्या आणि शेतीच्या वेळापत्रकाने अधिक चाले. लावणीच्या दिवसांत मुले खाचरात, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात, चैत्र-वैशाखात आंब्याची उतरणी. शाळेच्या प्रगतीचा कोणताही तक्ता या तीन हंगामांना वळसा घालून तयार झालेला नाही.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आणि त्यानंतरही काही दशके शिक्षणाचे काम गावठी शाळांनी केले. देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या सधन घराच्या पडवीत पंतोजी मुले जमवी. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, मग मोडीतले खर्डे वाचायचे, पाढे आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करायची, असा क्रम होता. यत्ता नव्हत्या, त्यामुळे पास-नापासही नव्हते. ज्याचे जेवढे झाले तेवढे झाले. मोठी मुले लहानांना शिकवत. ही रीत अँड्र्यू बेल याने मद्रासेत पाहिली आणि इंग्लंडात नेऊन तिची ‘मद्रास पद्धत’ केली, हा त्यातला गमतीचा भाग. प्रगतीचा पुरावा म्हणजे संध्याकाळचा परवचा. दिवेलागणीला मूल अडखळत नाही एवढे घरच्यांनी ऐकले की पंतोजीचे धान्य आणि सणावारी शिधा पोचता होई. या मोजमापात एक सोय आणि एक खोट होती. मोजणारा रोज घरातच असे, ही सोय. आणि पाठांतरापलीकडचे त्याला काही ऐकू येत नसे, ही खोट. शिवाय ही शाळा मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, वाणी अशा लिहित्या-हिशेबी घरांतल्या मुलग्यांची होती. खारवी-भोई-भंडाऱ्यांची मुले त्या पडवीत क्वचित, मुली जवळजवळ नाहीतच आणि अस्पृश्य मानलेल्यांना तर अंगणही बंद.

पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा जिल्हा बनला. त्याचे ठाणे आधी बाणकोटला होते, ते १८२२ साली रत्नागिरीस आले. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२३ च्या डिसेंबरात शिक्षणावरचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि पुढच्याच वर्षी सर्व कलेक्टरांना आपापल्या मुलखातील गावठी शाळांची माहिती पाठवण्याचा हुकूम गेला. शाळा किती, मुले किती, मास्तराला मिळते काय, पुस्तके आहेत का, असे प्रश्न होते. शाळा ही सरकारने मोजण्याची गोष्ट आहे, ही कल्पना या मुलखात तेव्हा प्रथम आली. १८२९ पर्यंत जमलेल्या माहितीप्रमाणे मुंबई इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि सुमारे ३५,००० मुले भरली. त्यांतल्या सरकारी शाळा अवघ्या पंचवीसच्या आसपास, बाकी सगळ्या पंतोजीच्या. ही जुनी कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादित करून छापली, म्हणून आज ती वाचता येतात. त्या पाहणीत मुलांना येते काय, हा प्रश्न मात्र फारसा नव्हता. मोजली गेली ती डोकी.

सरकारी शाळांसाठी मुंबईत शिकवून तयार केलेले पहिले मास्तर १८२६ च्या सुमारास जिल्ह्यांत गेले आणि त्यांच्यामागोमाग तपासणी आली. १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. इलाख्याचे विभाग पाडून तपासनीस नेमले गेले. त्यांत कोकणाचा एक माणूस होता, बाळशास्त्री जांभेकर. त्यांचे पोंभुर्ले गाव तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. १९८१ साली जिल्हा विभागल्यापासून ते सिंधुदुर्गात आहे. ‘दर्पण’कार म्हणून जांभेकर सर्वांना ठाऊक असतात, पण त्यांच्या छोट्याशा आयुष्यातला मोठा भाग शाळा तपासण्यात आणि मास्तर घडवण्यात गेला. १८४५ साली सुरू झालेल्या अध्यापकवर्गाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १८४६ च्या मे महिन्यात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. शाळा तपासणारा आणि मास्तराला शिकवणारा माणूस एकच असावा, ही त्यांच्या नेमणुकीतली अनुस्यूत कल्पना नंतर खात्याच्या विस्तारात मागे पडली. दीडशे वर्षांनी केंद्रप्रमुखाच्या पदात ती पुन्हा डोके वर काढते.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली शिक्षण खाते स्वतंत्र झाले. १८६० च्या दशकात जमीन महसुलावर रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड बसला आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणाला मिळू लागला. या एका आण्याने खेडोपाडी शाळा निघाल्या. पैसा रयतेचा, तेव्हा त्याचा हिशेब आला, आणि हिशेब ठेवायला डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर आला. लोकांनी त्याचे नाव सुटसुटीत केले : दिपोटी. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे याच यंत्रणेत वर चढलेले गृहस्थ. ते रत्नागिरीत मराठी शाळेचे शिक्षक होते. व्याकरण आणि त्रिकोणमिती यांवर त्यांनी शालोपयोगी पुस्तके लिहिली. १८६६ साली ते असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर होऊन पुण्यास गेले, तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. साध्या शिक्षकाला तपासनीस होण्याची वाट तेव्हा मोकळी होती, एवढे यावरून दिसते.

मास्तरांना सुधारण्यासाठी खात्याकडे दुसरे साधन होते ‘मराठी शाळापत्रक’. १८६१ साली निघालेल्या या मासिकात पाठ कसा घ्यावा, हिशेब कसा समजावावा याचे मार्गदर्शन असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते संपादिले. विष्णुशास्त्र्यांची पुढे सरकारने रत्नागिरीच्या हायस्कुलात बदली केली आणि तिथूनच ते नोकरी सोडून गेले, हा वेगळा इतिहास. शाळापत्रकाचा वारसा सांगणारे ‘जीवन शिक्षण’ हे मासिक आजही पुण्याहून निघते.

दिपोटीची भेट हा शाळेच्या वर्षातला सर्वांत मोठा दिवस असे. पावसाळ्यात नद्या-खाड्या ओलांडणे अवघड, म्हणून फेरी उघाडीच्या दिवसांत निघे. आदल्या दिवशी मुली अंगण सारवत, मुलगे भिंतीवरचे नकाशे झटकत. ज्याच्याकडे धुवट सदरा नसे तो शेजाऱ्याचा मागून आणी. साहेब खुर्चीत बसले की आधी हजेरीपट पुढे येई. पटावरच्या नावाला समोर मूल आहे का, याची पडताळणी होई. मग यत्तावार परीक्षा. पहिलीने अक्षरे आणि अंक दाखवायचे, दुसरीने वाचायचे. वरच्या यत्तांनी पाटीवर शुद्धलेखन घ्यायचे, तोंडी हिशेब सोडवायचे, कविता म्हणायची आणि जिल्ह्याच्या नकाशावर शास्त्री, काजळी या नद्या बोटाने दाखवायच्या. हुशार मुले पुढच्या रांगेत बसवलेली असत, हे साहेबालाही ठाऊक असे. अनुभवी दिपोटी म्हणून मागच्या भिंतीशी टेकलेल्या मुलाकडे बोट करी. सगळे आटोपले की शेरेबुक उघडे. त्यात चार-सहा ओळी : वाचन बरे, शुद्धलेखन कच्चे, गणिताकडे लक्ष द्यावे, हजेरी समाधानकारक. मास्तराची बढती, बदली किंवा कानउघाडणी या ओळींवर ठरे. ‘गणिताकडे लक्ष द्यावे’ म्हणजे नेमके काय करावे, ते शेरेबुकात लिहिलेले नसे. पुढच्या वर्षी दुसरा साहेब येऊन तोच शेरा पुन्हा लिही, आणि जुन्या शाळांच्या दप्तरातून असे एकमेकांना साक्षी राहणारे शेरे सापडणे अवघड नाही. सुधारणेची योजना ही गोष्ट या पद्धतीत नव्हती. होता तो निकाल.

निकालाला पैसा जोडण्याचा प्रयोगही याच काळातला. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो याच्या पुढाकाराने निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत आली. मुलाने वाचन, लेखन, गणितात पास व्हायचे, तरच शाळेला त्या मुलाचे पैसे. मुंबई इलाख्याने काही वर्षांतच ती खाजगी अनुदानित शाळांना लावली. हिशेबाला ही रीत चोख होती. पण परीक्षेत जे विचारले जाईल तेच शिकवायचे आणि पास होणार नाही अशा मुलाकडे पाठ फिरवायची, ही सवय तिने शाळांना लावली. इंग्लंडने शतक संपण्यापूर्वी ती टाकून दिली. आपल्याकडे तिचे नाव गेले, सवय बराच काळ राहिली.

१८८२ च्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनाने मोजमापाचा प्रश्नच उलटा केला. पास किती झाले यापेक्षा ज्यांच्या कष्टातून लोकल फंड उभा राहतो त्या शेतकऱ्यांची मुले शाळेत किती, हे विचारा, असा त्यांचा रोख होता. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे आणि शेतकरी वर्गातलेच प्रशिक्षित शिक्षक नेमावेत, अशी त्यांची मागणी होती. कमिशनने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवण्याची शिफारस केली आणि लोकल बोर्डे, नगरपालिका शाळांच्या कारभारात आल्या. तपासणी मात्र खात्याच्या हाती राहिली.

त्या काळी परीक्षेचे वजन किती होते, याचे एक उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातच मिळते. मराठी सहावीची सरकारी परीक्षा, लोकांच्या तोंडी ‘मुलकी’, पास झालेल्याला शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळू शके. दापोली तालुक्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८७५ साली त्या परीक्षेसाठी सातारा गाठले. भर पावसाळ्यात, सोबत्यांसह, पायी, सह्याद्री ओलांडून. परीक्षेला सतरा वर्षांची अट होती. कर्व्यांनी वय सांगितले, पण अंगाने लहान दिसणाऱ्या या मुलाला सतरा वर्षांचा मानायला परीक्षकांनी नकार दिला. तो तसाच पायी परत आला आणि पुढच्या खेपेस कोल्हापूर केंद्रातून पास झाला. महर्षी कर्व्यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग जराही रडगाणे न गाता सांगितला आहे. पण परीक्षा हे प्रगतीचे एकमेव माप झाले की तिच्या दारापर्यंत पोचणे हीच खरी परीक्षा होते, हे त्यातून उघड दिसते. जिल्ह्याबाहेर घाट चढून जाणे शंभरात एखाद्यालाच जमत असणार.

विसाव्या शतकात माप पुन्हा डोक्यांकडे वळले, आणि या वेळी ते योग्यच होते. जिल्ह्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली आणि १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्ह्याच्या व मोठ्या नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे आला. शाळेच्या वार्षिक अहवालात आता पहिला रकाना पटाचा, दुसरा सरासरी हजेरीचा. शिकण्याचा रकाना त्यांच्या मागे कुठेतरी.

पटाचा रकाना खरे बोलतो असेही नाही. खात्याच्या अहवालांत मुलांची जातधर्मवार वर्गवारी छापलेली असे, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले शाळेत आहेत हे त्यातून दिसे. ती वर्गात कुठे बसतात, हे दिसत नसे. पटावर नाव आणि बसायला व्हरांडा किंवा अंगणातला कोपरा, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी शाळेत मुलांना सरमिसळ बसवण्याची चळवळ केली, ती नेमकी या फटीवर बोट ठेवणारी होती. नाव दाखल होणे आणि शिकणे यांच्यामध्ये वर्गातली जागा येते, आणि त्या जागेला तक्त्यात रकाना नव्हता.

स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर खेड्यांतल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. रत्नागिरी शहराच्या हद्दीत, म्हणजे मांडवीतही, नगर परिषदेच्या शाळा राहिल्या. पुढच्या तीन दशकांतील यश म्हणजे शाळांचा प्रसार. डोंगरावरच्या वाडीपर्यंत चौथीची शाळा पोचली. प्रगतीचे माप मात्र जुनेच राहिले : सहामाही, वार्षिक, आणि निवडक मुलांसाठी शिष्यवृत्ती परीक्षा. चौथी आणि सातवीच्या या शिष्यवृत्तीने (२०१६-१७ पासून काही वर्षे ती पाचवी आणि आठवीला झाली) शाळांना प्रतिष्ठा दिली. मास्तर दिवाळीच्या सुट्टीत, रात्री कंदिलाच्या उजेडात जादा तास घेत. फळ्यावर ‘शिष्यवृत्तीधारक’ म्हणून लागलेली नावे वर्षानुवर्षे पुसली जात नसत. त्या चार नावांखाली वर्गातली उरलेली तीस मुले कुठे होती, ते कोणी विचारीत नसे. त्यांच्यासाठी एक शब्द होता : ‘वर ढकलला’.

१ मेच्या झेंडावंदनानंतर वार्षिक निकाल लावण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ झाली. कोकणात तो दिवस आंब्याचा आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचा. प्रगतीपुस्तक हातात घेऊन मूल धावत घरी येई आणि ओटीवर बसलेला काका गुण न बघता ‘नंबर कितवा?’ विचारी. पुस्तकाचे नाव प्रगतीचे, पण प्रगती म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा पुढे जाणे, हा अर्थ त्यात कुठे नोंदलेला नसे.

माप बदलायला लागले ते १९९० च्या सुमारास. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. रत्नागिरीलाही ‘डाएट’ आली. दवे समितीने ‘किमान अध्ययन क्षमता’ ठरवल्या, आणि महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम त्या पायावर उभा राहिला. आता ‘गणितात शंभरापैकी साठ’ एवढे सांगून भागेना. हातच्याची वजाबाकी येते का, अपरिचित उतारा वाचून प्रश्नाचे उत्तर सांगता येते का, असे एकेक सुटे विचारायचे होते. त्याच दशकात दहाएक शाळांमागे एक केंद्र आणि केंद्रप्रमुख अशी रचना आली. केंद्रप्रमुखाने शेरा मारून निघून जायचे नाही, पाठ घेऊन दाखवायचा, महिन्याच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांशी बोलायचे, असे अपेक्षित होते. माहिती गोळा करणे, ती वर पाठवणे आणि पुन्हा गोळा करणे यातच त्याचा बराच वेळ गेला, ही तक्रार पद निर्माण झाल्यापासून ऐकू येते आणि ती खोटी नाही.

२००५ साली ‘प्रथम’ संस्थेने ‘असर’ ही देशव्यापी पाहणी सुरू केली. तिचे साधन एक कागद. त्यावर अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. स्वयंसेवक घरी जातो, मुलाला ओट्यावर बसवतो आणि वाचायला सांगतो. पाचवीतली अनेक मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे या साध्या कागदाने दाखवून दिले. पंतोजीच्या काळातला परवचा आणि हा कागद यांत एक साम्य आहे. दोन्ही घराच्या ओटीवर, घरच्यांच्या समोर.

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेच्या वार्षिक प्रगतीच्या इतिहासात हे सर्वांत मोठे वळण. आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायचे नाही, बोर्डाची परीक्षा घ्यायची नाही, मूल्यमापन सतत आणि सर्वंकष करायचे, आणि शाळेचा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने तयार करायचा. महाराष्ट्रात या समितीत बारा ते सोळा सदस्य, पाऊण हिस्सा पालक, निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष पालकांमधून आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव, अशी रचना झाली. शेरेबुक वरून खाली येई. आराखडा खालून वर जावा, असे कायद्याला अभिप्रेत होते. तीन वर्षांचा आराखडा आणि त्याचे वर्षावार तुकडे : पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोल्या, स्वच्छतागृह, पाणी, आणि जादा प्रशिक्षण किंवा पूरक वर्ग कोणाला हवेत. व्यवहारात खोली आणि पाणी यांचे रकाने चटकन भरले जातात, कारण ते दिसतात. शिकण्याचा रकाना बैठकीत शेवटी येतो आणि तोवर मच्छी घेऊन बाजारात जायची वेळ झालेली आई उठलेली असते.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६० असे वजन ठरले. आकारिक म्हणजे वर्ष चालू असताना निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय यांतून केलेली नोंद. शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची होती. ‘अ-२’ या श्रेणीपेक्षा ‘गोष्ट ओघात सांगतो, जोडाक्षर वाचताना थांबतो, भागाकारात शून्याचा भाग विसरतो’ ही नोंद पुढच्या शिक्षकाला कितीतरी उपयोगी. अशा नोंदी लिहिणारे शिक्षक होते आणि आहेत. बाजारात तयार नोंदींची पुस्तिकाही लगेच आली, आणि ‘नियमित अभ्यास करतो, शाळेत आनंदाने येतो’ हे वाक्य हजारो मुलांच्या नावापुढे एकाच शाईत उतरले. मागे ठेवायचे नाही या तरतुदीवरही टीका झाली. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, आणि नापास झाल्यास पूरक मार्गदर्शन व पुनर्परीक्षा, असा नियम केला.

पटाची जुनी खोट याच काळात पुन्हा उघडी पडली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा अनेक शाळांच्या हजेरीपटावर प्रत्यक्षात नसलेल्या मुलांची नावे सापडली. कारण साधे आहे. पटावर शिक्षकसंख्या ठरते, तिलाच संचमान्यता म्हणतात. मुलगा मोजला गेला की मास्तराची जागा वाचते. १८७० च्या दशकातला दिपोटी जे नाव-मूल जुळवून बघत असे, तेच दीड शतकानंतर पुन्हा करावे लागले.

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने शाळेला मागच्या वर्षीच्या स्वतःशीच तुलना करायला लावले. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग दोन संकलित चाचण्या. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी वर्गाच्या फरशीवर अक्षरे, संख्यारेषा, आकृत्या रंगवून मुलांना स्वतः शिकू दिले होते. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि कोकणातल्या शाळांच्या फरश्याही रंगल्या. रंग चढवणे सोपे असते, त्यावर मुलाने काय करायचे हे समजून घ्यायला जास्त दिवस लागतात. त्याच सुमारास ‘शाळासिद्धी’ आली. सात क्षेत्रे आणि ४६ मानके, प्रत्येकात शाळेने स्वतःची पातळी एक ते तीन यांत ठरवायची आणि सुधारणेचा बेत स्वतःच लिहायचा. शाळेला स्वतःचे दिपोटी केले गेले. २०२१ च्या ‘निपुण भारत’ने माप आणखी नेमके केले. तिसरी संपताना मुलाने अपरिचित मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने समजून वाचावा आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात, असे ध्येय २०२६-२७ साठी ठरले.

ही मापे रत्नागिरीत येईपर्यंत मोजायची मुलेच कमी झाली होती. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना ही घट. कारण जुनेच : तरुण घर मुंबईला, म्हातारी गावाला. साक्षरता ८२ टक्क्यांवर पोचलेल्या या जिल्ह्यात वाडीवरची शाळा पाच-सात मुलांवर आली. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचे ठरवले, तेव्हा कोकणातून जोरदार विरोध झाला, कारण इथे ‘जवळची शाळा’ म्हणजे मध्ये वहाळ आणि चढाव. शहरात चित्र वेगळे. तिथे इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस दाराशी येते आणि नगर परिषदेची शाळा पट टिकवण्यासाठी सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू करते.

लहान पटाने आकडेवारीची गणितेही मोडतात. चौथीत चार मुले असली तर एक मूल म्हणजे पंचवीस टक्के. मागच्या वर्षी भागाकार सगळ्यांना येत होता आणि यंदा तिघांनाच येतो, एवढ्याने तक्त्यात शाळा शंभरावरून पंचाहत्तरवर घसरते. अशा शाळेचा आराखडा भरताना मुख्याध्यापक टक्क्यांचा रकाना भरतो, कारण तो भरावाच लागतो, आणि खाली शेऱ्याच्या जागेत चौथ्या मुलाचे नाव लिहितो : वडील ट्रॉलरवर, ऑगस्टपासून अनियमित, वजाबाकीपासून पुन्हा सुरुवात.